घंटीतला कापूस

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मुलीने वडिलांच्या घंटीतल्या लोलकाला कापूस गुंडाळला. अप्पांचा तेव्हा डोळा लागला होता.

ती घरी बसून औषधांच्या पाकिटांतली माहितीपत्रकं तपासते. दोनदा डोसचा आकडा चुकीचा गेला होता. तिसऱ्यांदा गेला तर काम बंद, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. अप्पांना उठता येत नाही आणि त्यांचा आवाज खोलीबाहेर पोचत नाही, म्हणून ही घंटी. त्या सकाळी ती चौदा वेळा वाजली होती.

"आता काय, अप्पा?"

"पंखा लाव."

"मघाशी तुम्हीच बंद करायला लावलात ना!"

"तेव्हा गार वाटत होतं. बटण तर दाबायचंय, तुझं काय जातं गं?"

कापसानंतर चार तास घर चिडीचूप होतं. तिने बत्तीस पानं एका बैठकीत संपवली, एकही चूक न करता. साहेबांचा फोन आला, "आज काय जादू केलीत?"

मग ती आत गेली. चादर ओली होती. कापूस काढून उशीवर ठेवला होता आणि घंटी लांब भिंतीपाशी कपड्यांच्या ढिगात पडली होती.

"काही हवं होतं का, अप्पा?"

"नाही गं. तू कर तुझं काम."

घंटी तिने पुन्हा त्यांच्या उशाशी ठेवली. आता ती दर दहा मिनिटांनी उठून आत डोकावते. काल आकडा पुन्हा चुकला. साहेबांनी अजून काही कळवलेलं नाही. सहा दिवस झाले, घंटीही वाजलेली नाही.