तळाचं पाणी

“मी तुझ्या जागी असते तर याच आठवड्यात सगळे शिंपले काढून घेतले असते,” आस्ता म्हणाली, आणि थोरकिलने उचललेला कॉफीचा कप न पिताच खाली ठेवला.

जुलै महिना होता. आम्ही घरापुढच्या अंगणात बसलो होतो. आस्ता म्हणजे माझी धाकटी बहीण. ती नावेतून उतरून तशीच थेट आली होती. रबरी विजारीचे पट्टे कमरेशी लोंबत होते, केसांना खाडीचा वास येत होता. थोरकिल माझा नवरा. समोरच्या खाडीत, आमच्या म्हणजे पूर्वेच्या काठालगत, त्याचे शिंपले वाढत होते. पिंपांच्या आधाराने लांब दोर तरंगत ठेवायचे, त्यांना पाण्यात लोंबत्या दोऱ्या बांधायच्या आणि त्यांवर येऊन चिकटलेली शिंपल्यांची पिल्लं वर्ष-दीड वर्ष सांभाळायची, असा त्याचा धंदा.

“अजून बोटाच्या पेराएवढेच आहेत,” तो म्हणाला. “ऑक्टोबरात काढायचेत.”

“माहितेय.”

“आत्ता काढले तर कोंबड्यांच्या खाद्यात जातील.”

“तेही माहितेय.”

हॉल्गर तिथेच बसून केक खात होता. तो आमचा शेजारी. त्याची शेतं अगदी पाण्यापर्यंत उतरलेली, आणि वरच्या अंगाला डुकरांचे तीन मोठे गोठे. माणूस अडीअडचणीला धावून येणारा, पण जीभ तिखट.

“झालंय काय एवढं?” त्याने विचारलं. “पाणी तर आरशासारखं आहे.”

“तेच तर झालंय,” आस्ता म्हणाली. “आरशासारखं आहे. वारा नाही. वरचं पाणी तापलंय आणि खालच्या पाण्यावर झाकणासारखं बसलंय. शेतातलं खत पावसाबरोबर खाडीत येतं, त्यावर शेवाळ माजतं, ते मरून तळाला बसतं आणि कुजताना तळाचा सगळा ऑक्सिजन ओढून घेतं. तिथे आता जवळजवळ काही उरलेलं नाही.”

“म्हणजे माझ्या डुकरांमुळे.”

“तुझ्या एकट्याच्या नाही, हॉल्गर. खाडीला काठ पुष्कळ आहे.”

हॉल्गरने केकचा दुसरा तुकडा घेतला. मग खुर्ची तिच्यापासून वळवून तो खाडीकडे बघत खात राहिला.

आस्ता आमच्या घरातली विद्यापीठात गेलेली पहिली. आमचे वडील, लाउरित्स, याच खाडीत वाम, ती सापासारखी लांब मासळी, पकडायचे. पुढे वाम मिळेनाशी झाली आणि त्यांनी जाळी विकून टाकली, तेव्हा आस्ता शाळेत होती. “वाम गेली कुठे?” असं तिने विचारलं होतं, आणि वडील म्हणाले होते, “मला कळलं असतं तर मी तिथे गेलो नसतो का?” ती आरहूसला सागरी संवर्धन शिकायला गेली तेव्हा गावातल्या बायका मला विचारायच्या, “रिग्मोर, यातून पुढे करतात काय गं?” मला सांगता यायचं नाही. तिच्या वर्गातली मुलं पुढे गरम देशांतल्या प्रवाळांवर काम करायला गेली. निळं पाणी, रंगीत मासे. हिने पीएचडीसाठी आमची गढूळ खाडी निवडली. मी कारण विचारलं, तर म्हणाली, “तिकडे बघायला लोक खूप आहेत.”

त्या दुपारी थोरकिलशी बोलण्याआधी तिने अंगणाच्या टोकाला जाऊन तिच्या मार्गदर्शकाला, प्रेबेनला फोन केला होता. मी वाळलेली भांडी आत नेत होते, तिचं बोलणं कानावर पडलं. “हो, एकाच उन्हाळ्याच्या नोंदी आहेत, कळतंय मला… नाही, खात्री नाही… अरे, पण तो माझ्या बहिणीचा नवरा आहे.” मग बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवून माझ्याजवळ आली. “प्रेबेन म्हणतो, आपण मोजतो, भविष्य सांगत नाही.”

“मग?”

“बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली, आणि जाऊन थोरकिलच्या समोर बसली.

थोरकिलने शिंपले काढले. दोन दिवस विचार केला, तिसऱ्या दिवशी पहाटे नाव काढली. त्या वर्षी धरलेली नखाएवढी पिल्लं तेवढी दोऱ्यांवर राहिली, कारण ती कोणीच घेतली नसती. बाकी सगळं कोंबड्यांच्या खाद्यात गेलं.

पुढच्याच आठवड्यात पश्चिमेचं वादळ आलं. दोन दिवस खाडी घुसळून निघाली. वरचं पाणी खाली गेलं, खालचं वर आलं, तळाला पुन्हा श्वास मिळाला. ऑक्टोबरात खाडीतल्या बाकीच्यांचे शिंपले कधी नव्हे इतके भरलेले निघाले.

धक्क्यावर हॉल्गर थोरकिलला म्हणायचा, “अरे, तुमच्या घरच्या हवामान खात्याला विचार, उद्या धुणं घालू का?” लोक हसायचे. थोरकिलही हसायचा. घरी आस्ताबद्दल त्याने एक वाकडा शब्द काढला नाही. पण तिला काही विचारायचंही त्याने सोडलं. पूर्वी ती आली की दोघं तासन् तास बोलायचे: पाणी किती खारं, तारामासे किती आले, पिल्लं कधी धरणार. आता तो “ये, बस” म्हणायचा आणि उठून कोठीत जायचा.

नाताळात ती आली. जेवणं झाल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“बोल ना काहीतरी. शिव्या तरी दे.”

“शिव्या कशाला? तू खोटं नव्हतं सांगितलंस.”

“पण चुकलं.”

“वारा आला. त्याला तू काय करणार?” त्याने बदक भाजलेली परात धुऊन उपडी घातली. “माझ्या फुटक्या नशिबाने आला असं सगळे म्हणतात. तसंच म्हणायचं ना?”

त्या उन्हाळ्यावरचा तिचा पहिला निबंध वसंतात छापून आला. बर्गनच्या परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, असं तिनेच मला फोनवर सांगितलं. सांगताना तिचा आवाज मात्र दुसऱ्याच कुणाची बातमी सांगत असल्यासारखा होता.

पुढचा उन्हाळा लवकर तापला. आदल्या वर्षीची पिल्लं वाढून दोऱ्या जड झाल्या होत्या, पिंपं पाण्यात अर्धी बुडाली होती. थोरकिल संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून त्यांच्याकडे बघायचा. ऑगस्ट लागला आणि वारा पडला. समुद्रपक्षी पाण्यावर नुसते बसून असायचे. किनाऱ्याच्या गवताला चिकट शेवाळ लागलं. रात्री उकाड्याने झोप येईना, आणि सकाळी खिडकी उघडली की एखाद्या बंद तळघराचं दार उघडावं तसा एक बारीकसा वास यायचा. दुपारी तो नसायचा. मला वाटायचं, भास होतोय.

एक दिवस आस्ता पाण्याखाली बुडी मारून आली आणि बराच वेळ धक्क्याच्या पायरीवर बसून राहिली. मी तिला टॉवेल नेऊन दिला.

“काय दिसलं?”

“पांढरं. दिव्याच्या उजेडात जेवढं दिसलं, तेवढं सगळं पांढरं.”

मला कळलं. तळ मेला की त्यावर जंतूंची पांढरी साय धरते. इथले पाणबुडे तिला प्रेतावरची चादर म्हणतात. वडिलांच्या तोंडी हा शब्द मी एकदाच ऐकला होता, दुसऱ्या कुठल्यातरी खाडीबद्दल बोलताना.

“सांगणार आहेस त्याला?”

“सांगते,” ती म्हणाली. पण उठायला तिला वेळ लागला.

थोरकिल कोठीत दोर वळत होता. ती दाराशीच उभी राहिली, मी तिच्यामागे. “मी गेल्या वर्षी जे सांगितलं होतं तेच सांगायला आलेय.”

“खाली काही उरलं नाही?”

“काही नाही.”

“माझे दोर वर आहेत. तळापासून लांब. गेल्या वर्षी तू म्हणालीस म्हणून काढले, पण तसेही वाचलेच असते.”

“पश्चिमेचा वारा आला तर याही वर्षी वाचतील. पूर्वेचा आला तर वरचं पाणी पलीकडे ढकललं जाईल आणि त्याच्या जागी तळाचं पाणी आपल्या काठाला वर येईल. तुझ्या दोऱ्यांवर.”

“ऑगस्टात पूर्वेचा वारा किती वेळा येतो?”

“क्वचित.”

“किती क्वचित?”

“थोरकिल, मला नाही सांगता येणार. उद्या येईल की दहा वर्षांनी, मला माहीत नाही. तळाला काय आहे तेवढंच माहितेय.”

त्याने वळता दोर गुडघ्यावर ठेवला. रागावला नव्हता तो. “दोन वर्षं लागोपाठ मी कच्चा माल काढला, तर आपलं हे सगळं बंद करावं लागेल, आस्ता. रिग्मोरच्या वृद्धाश्रमातल्या नोकरीच्या पगारावर घर चालेल, नाव चालणार नाही.” मग दोर पुन्हा उचलून म्हणाला, “वेधशाळा म्हणते, गुरुवारपासून वारा आहे. थांबतो.”

“कुठून, ते सांगितलंय?”

“बदलता.”

ती “बरं” म्हणाली. मला वाटलं, आता ती भांडेल, हात धरून ओढेल त्याला. पण गेल्या वर्षीचं ओझं तिच्याही अंगावर होतं. एकदा मोडलेल्या पायावर माणूस पूर्ण भार टाकत नाही, तशी ती बोलली आणि गेली.

गुरुवारी सकाळी खिडकीचा पडदा हलला तेव्हा मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, पडदा बाहेर ओढला जात होता. वारा पूर्वेचा होता, घरामागून, शेतांवरून, खाडीकडे चालला होता. थोरकिल अंथरुणात नव्हता.

धक्क्यावर आले तर काठाला माणसंच माणसं. घोट्याएवढ्या पाण्यात लेपे, ते चपटे मासे, थराने पडले होते, एकमेकांवर चढत होते. खेकडे धक्क्याच्या खांबांवर पार वरपर्यंत चढून बसले होते. वाळूत, पाण्याबाहेर, वामी वळवळत होत्या. इतक्या वामी मी लहानपणानंतर पाहिल्याच नव्हत्या. मुलं बादल्या भरत होती, ओरडत होती. हॉल्गर गुडघ्यापर्यंत विजार दुमडून हातांनी मासे उचलत होता.

“रिग्मोर, बादली आण,” तो म्हणाला. “आज घरपोच आलेत.”

आस्ता धक्क्याच्या टोकाला होती. ती चालत त्याच्यापर्यंत आली. “हॉल्गर, ते श्वास घ्यायला आलेत.”

तो हसायला गेला. मग त्याने पायाखाली पाहिलं. पाणी हिरवट, दुधाळ होत चाललं होतं आणि त्याबरोबर तो वास आला, नासक्या अंड्यांचा, आता भास नव्हता तो. लेप्यांची तडफड एकेक करून थांबायला लागली. हॉल्गरने हातातला मासा परत पाण्यात सोडला. तो पोट वर करून तरंगला. मुलांच्या आयांनी मुलांना हाका मारल्या, आणि थोड्याच वेळात काठावर फक्त बादल्या राहिल्या.

थोरकिल नावेत बसून होता. इंजिन सुरू केलेलं नव्हतं. आस्ता उतरून त्याच्यासमोर बसली, मग मीही बसले. कोणी काही ठरवलं नव्हतं.

पहिल्याच पिंपाशी नाव नेऊन त्याने दोर वर घेतला. शिंपले उघडे होते. भरलेले, जाड, गेल्या कित्येक वर्षांत नव्हते असे. आणि सगळे आ वासलेले. त्याने एक बोटाने दाबून पाहिला. जिवंत शिंपला मिटून राहतो; हा सोडला की पुन्हा उघडला. दुसरा दोर घेतला, तिसरा घेतला. पुढच्या पिंपांकडे गेलाच नाही.

आस्ताच्या मांडीवर तिची नमुन्यांची पेटी होती. ती उघडावी की नाही, हे तिला कळत नव्हतं. मला दिसत होतं ते.

“मला नमुने घ्यावे लागतील,” शेवटी ती म्हणाली. “आज नाही घेतले तर उद्या काही कळणार नाही. पण तू नको म्हणालास तर नाही घेत.”

थोरकिलने तिच्याकडे पाहिलं. मग दोर नावेच्या कडेवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“कुठले हवेत? वरचे की खालचे?”

“दोन्ही.”

“मग आधी वरचे घे. खालच्या टोकाला वजन आहे, मी उचलतो.”

तिने शिंपले कापून बाटल्यांत भरले. त्याने प्रत्येक दोर तिला सोयीचा पडेल असा फिरवून धरला. दोघांच्याही हातांना तो वास लागला होता. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या उंबऱ्याला, टॉवेलांना तो येत राहिला.

संध्याकाळी प्रेबेनचा फोन आला. आस्ताने तो टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला. “वाईट झालं,” तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटत होतं त्याला. मग म्हणाला, “पण हे मोजलेलं कुणाकडेच नाही, आस्ता. आधीचं, होतानाचं, नंतरचं, सगळं तुझ्याकडे आहे. तुला याची किंमत कळतेय ना?”

“कळतेय,” ती म्हणाली आणि फोन बंद केला. मग थोरकिलला म्हणाली, “मी जास्त जोर लावायला हवा होता.”

“लावला असतास तरी मी थांबलोच असतो,” तो म्हणाला. “जेवून घे.”

त्या कामावर तिला पीएचडी मिळाली आणि लगेच एका संशोधन केंद्रात कायमची जागा. आमच्या खाडीचं मोजमाप आता बाराही महिने तिच्याकडे आहे. तिच्या नोंदी वाचायला परदेशांतून लोक येतात, आमच्याकडे कॉफी पितात, खिडकीतून पाण्याकडे बघून “किती शांत” म्हणतात. हॉल्गरने काठालगतच्या शेताचा एक पट्टा पडीक सोडला. का, ते कोणाला सांगितलं नाही. धक्क्यावर थट्टा करणंही त्याने सोडलं.

थोरकिलने दोर परत टाकले नाहीत. हिवाळाभर तो घरी होता. मार्चमध्ये आस्ता जेवायला आली तेव्हा बटाटे वाढून घेता घेता त्याने विचारलं, “केंद्राच्या नावेला चालवणारा माणूस लागतो ना तुला?”

“लागतो. पण तुला हे काम…”

“पाणी मला माहीत आहे,” तो म्हणाला. “तळ तुला.”

आता दर मंगळवारी दोघं जातात. परवाच्या मंगळवारी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. ऊन कडक होतं. खाडीच्या मधोमध त्याने इंजिन बंद केलं. आस्ता कडेवर वाकून मोजणीचं यंत्र खाली सोडत होती, थोरकिल तिच्यामागे तिच्या पट्ट्याला धरून उभा होता. यंत्र तळाला पोचायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ दोघं तसेच खाली बघत राहिले.

मी शेवटची चादर दोरीवर टाकली आणि चिमटा लावायला हात वर केला. चिमट्याची गरज नव्हती; वारा पडला होता. चादर सरळ खाली लोंबत होती, तिचा काठसुद्धा हलत नव्हता.