लाजेच्या कपाटाचा शेजारी

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे. मला फिरवायची दोनच बटणं, एक आचेचं आणि एक वेळेचं. नवी मुलं मला बघून हसतात. हसोत बापडी, मीही कधीकाळी कोरा करकरीत होतो.

मॅनिटोबा या थंड प्रांतातल्या एका विद्यापीठात, आमच्या संशोधन केंद्राच्या कॉफीच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हात थरथरतात, त्या प्रत्येकाला वापरता यावीत अशी यंत्रं ही माणसं घडवतात. खोलीला लागूनच त्यांचं एक कपाट आहे. त्याला ते 'लाजेचं कपाट' म्हणतात. दर शुक्रवारी कुणीतरी वापरताना छळणारी एखादी वस्तू आणतं, सगळे तिची यथेच्छ टिंगल करतात आणि ती कपाटात जाते.

माझं लाडकं माणूस म्हणजे व्हर्ना. ती इथली संशोधक, जन्मापासून अंध. आल्या आल्या तिने माझ्या वेळेच्या बटणाभोवती नेलपॉलिशचे टपोरे थेंब लावले. लाल आहेत म्हणे. तिला रंगाशी काय देणंघेणं! थंडीत बाहेर हाडं गोठायची. बर्फाने माखलेले बूट दाराशी काढून ती मोजे घातलेल्या पायांनी यायची, थेंब चाचपायची आणि आईच्या पद्धतीचं बिटाचं सूप गरम करायची. 'टिंग' वाजलं की म्हणायची, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" काय सुखाचे दिवस होते ते!

मग केंद्राला मोठं बक्षीस मिळालं. त्या आनंदात प्रमुख गॉर्डनने गुळगुळीत काचेचा, एकही बटण नसलेला नवा मायक्रोवेव्ह आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लाजेच्या कपाटाशेजारी जमिनीवर ठेवलं. तिथून सगळं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी व्हर्नाची बोटं त्या काचेवर नुसतीच घसरत राहिली.

"थांब थांब, मी लावतो," गॉर्डन धावत आला.

"लाव बाबा."

रोज कुणी ना कुणी धावायचं. किती प्रेमळ माणसं! हळूहळू सुपाचा वास यायचा बंद झाला. व्हर्ना थंड सँडविच आणू लागली.

"सूप सोडलंस की काय?" गॉर्डनने विचारलं.

"हल्ली सँडविचच बरं वाटतं." मला तिचा आवाज ओळखू येतो, मित्रांनो. तिला ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

मग एका शुक्रवारी गॉर्डनने हाक दिली, "चला, आज कपाटात कोण जाणार?"

"मी आणलंय," व्हर्ना म्हणाली. "म्हणजे तूच आणलायस. त्या काचेच्या साहेबांची वायर काढ आणि उचल."

गॉर्डनने वायर काढली. "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"विचारलंत कुठे? सगळे मदत करण्यात गुंतला होतात. आणि माझं जेवण गरम करायला मला माणूस नकोय, गॉर्डन. बटण हवंय."

त्यानेच मला पुसून जागेवर ठेवलं. त्या दिवशी व्हर्ना थेंब चाचपत होती, तेव्हा तो सवयीने अर्धा उठला आणि हात मागे बांधून परत बसला. पुष्कळ दिवसांनी सुपाचा वास दरवळला. मला भरून आलं.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्यापूर्वी तिच्यावर कुणाचा हात बसलाय ते पाहा. आणि कुणाला मदत करायला धावण्यापूर्वी त्याला एकदा विचारा.

आता मी थकलोय. परवा माझ्या पोटातला दिवा गेला. "टाकायचा का आता?" गॉर्डनने विचारलं. हो, हल्ली तो विचारतो.

"का?" व्हर्ना म्हणाली. "मला तर काहीच फरक दिसला नाही."