नऊ किलोची मूठ

"दाबा, आजी. अजून दाबा."

शकुबाईंनी मूठ आवळली. मुठीचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा काटा थरथरत नऊ किलोवर थांबला. व्यायामोपचार करणाऱ्या तेजलने आकडा लिहून घेतला आणि काटा पुन्हा शून्यावर आणला.

इंदिरानगरच्या या दवाखान्यात हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठणं त्यांनी झोकात पार पाडलं होतं. अडलं ते मुठीपाशी. आजाऱ्याला उचलणाऱ्याच्या मुठीत निदान सोळा किलोचा जोर हवा; तो भरला, तरच लकवा मारलेल्या नवऱ्याला, भिकनरावांना, त्या हरसूलच्या घरी नेऊ शकणार होत्या. नाहीतर लेकाने, रवीने, शहरातल्या वृद्धाश्रमात खाट ठरवूनच ठेवली होती. पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीत भिकनराव त्यांच्या हातून निसटून पडले, तेव्हापासून रवीने एकच धोशा लावला होता.

"आई, तुझ्या हातात आता जोर नाही राहिला. मान्य कर ना."

दुसऱ्यांदाही नऊच. चाकाच्या खुर्चीतले भिकनराव टक लावून काट्याकडे बघत होते. रवीने मोबाइल खिशात टाकला. त्याच्यापुरता निकाल लागला होता. शकुबाईंना त्याचा असा राग आला, की त्यांनी पदर खोचला, सोडला आणि पुन्हा खोचला.

तेजलने त्यांचा तळहात उलटा करून पाहिला. विहिरीच्या दोराचे घट्टे अजून तसेच होते.

"आजी, तुम्ही जोर लावतच नाही आहात. का?"

"महागाचं हाय ना, ताई. दुसऱ्याची चीज. मोडलं म्हंजे?"

"मोडू दे. दाबा."

शकुबाईंनी दातओठ खाल्ले. काटा सोळा ओलांडून बावीसवर गेला. तेजलला हसू फुटलं. रवी वाकून आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

हसले नाहीत ते भिकनराव. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द कसेबसे बाहेर आले.

"एवढा जोर... मंग त्या दिशी कशापायी सोडलं मला?"

रवीने मान वर केली.

"सोडलं नाय वो," शकुबाईंचा आवाज फुटला. "तुमचा दंड काडीवानी झालाय. दुखंल म्हणून सैल धरला व्हता."

 भिकनरावांनी चांगल्या हाताने आपला लुळा हात उचलला आणि बायकोपुढे धरला. शकुबाईंनी तो हलकेच घेतला.

"दुखू दे," ते म्हणाले.