नोड चौदाला फोन

श्यामसुंदर तळवडेकरने आयुष्यात मोठी पापं केली नव्हती. करायला वेळच कुठे होता! तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, मुलुंडला वन बीएचके घेतला, आणि दर शुक्रवारी एक यादी काढली. त्या यादीपायीच त्याची लाज निघाली, ती अशी.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी काही हौशी माणसं घरच्या कॉम्प्युटरला टेलिफोनची तार जोडून एकमेकांना पत्रं, गप्पा, कोडी पाठवायची. अशा कॉम्प्युटरला म्हणायचं बुलेटिन बोर्ड, आणि जाळ्यातल्या प्रत्येक बोर्डाला नोड. जग कुठल्या कुठे गेलं, पण ही जमात हट्टी. तार गेली, इंटरनेटवरून जोडणी आली, नोड चालूच. आजच्या घडीला देशभरात मिळून एकेचाळीस. त्यांची नावं, नंबर, पत्ते श्यामसुंदर सांभाळायचा. शुक्रवारी नवी यादी सगळ्यांना जायची आणि मशिनं ती बघूनच पत्रं पोचवायची. यादीत नाव नाही, तर पत्र नाही. सरळ मामला.

नियम एकच कडक होता. एखादा नोड तीन आठवडे गप्प राहिला, तर यादीवाल्याने स्वतः फोन करायचा. मेसेज नाही, ईमेल नाही, फोन. "काय रे, चालू ठेवू की बंद करू?" असं तोंडाने विचारायचं. तीन वेगवेगळ्या दिवशी कोणी उचलला नाही, तरच नाव खोडायचं आणि खाली टीप लिहायची: 'तीनदा फोन केला, उचलला नाही.' माणूस मेलाय, आजारी आहे की नुसती वायर निघालीय, हे मशीनला कळत नाही ना! नियम केला होता श्यामसुंदरनेच, सत्त्याण्णव साली, घाटकोपरच्या एका उडप्याकडे, रतन वाहुळेसमोर बसून.

हा रतन म्हणजे नोड चौदा. गोवंडीला राहणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि जिभेला हाड नसलेला. यंदाच्या वार्षिक भेटीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "यादीवाल्या, दोन माणसं मरून वर्ष झालं, तुझ्या यादीत अजून चालू आहेत रे! स्वर्गात पण ब्रॉडबँड दिलंस काय?" मंडळी हसून लोळली. श्यामसुंदरही हसला, पण आतून जळून खाक झाला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची चूक चारचौघांत काढलेली! तो ते विसरला नाही.

दोन महिन्यांनी नोड चौदा गप्प झाला. त्याच सुमारास पवईच्या उंच टॉवरातल्या धवलचा नोडही गप्प होता. धवलला श्यामसुंदरने चार वेळा फोन लावला. साहेब सिमल्याला फिरायला गेलेले निघाले. रतनचा नंबर काढला आणि हात थांबला. 'करू दे की त्यालाच, एवढी जीभ चालते तर.' आणि वर 'गोवंडीच ती, लाइट गेली असेल,' असंही त्याने मनात म्हणून घेतलं. पवईबद्दल तसं काही त्याच्या मनात आलं नव्हतं, हे लक्षात घ्या. शुक्रवारी त्याने नोड चौदा खोडला, खाली टीप टाइप केली, 'तीनदा फोन केला, उचलला नाही,' आणि शांतपणे जेवायला बसला. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं. दोनदा भात घेतला त्याने.

महिना गेला. एका गुरुवारी सकाळी फोन वाजला. स्क्रीनवर रतनचं नाव. बायको, सुनंदा, शेजारी कोथिंबीर निवडत बसली होती.

"काका, मी तेजल. रतन वाहुळेंची मुलगी," पलीकडून बारीक आवाज आला. "सॉरी म्हणायला फोन केला."

"कसलं गं सॉरी?"

"पप्पांची बायपास झाली ना. त्यात इकडे मशीनचा पॉवर सप्लाय जळाला. ऑपरेशनला जाताना पप्पा म्हणाले, बाकी काही करू नकोस, श्यामचा फोन येईल तेवढा उचल. तो फोन केल्याशिवाय खोडायचा नाही. त्याला सांग, महिनाभर थांब. मी बाथरूमलासुद्धा फोन घेऊन जात होते, काका. तरी तुमचे तीन कॉल चुकले. हॉस्पिटलात रेंज नसेल. घरी आल्यावर पप्पांनी एका मित्राकडून यादी मागवून तुमची टीप वाचली. म्हणाले, एवढं एक काम सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. चूक माझीच आहे."

आता खरं बोलायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. श्यामसुंदरने तोंड उघडलं आणि म्हणाला, "असू दे गं पोरी. होतं असं. मी नाही मनावर घेत."

"थँक्यू काका," ती म्हणाली.

सुनंदाने सगळं ऐकलं होतं. "तीन फोन कधी केल्यात तुमी?" तिने विचारलं. "धवलच्या फोनांनी माझां डोक्यां उठवलात. हे कधी केल्यात?"

सुनंदाने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "आणि त्या पोरीक माफ केल्यात? तुमी?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथे तर चोरानेच संन्याशाला माफी दिली होती. श्यामसुंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी जेवण गेलं नाही. एकदा वाटलं, फोनवर सांगून टाकावं. पण ज्याने फोनचंच खोटं सांगितलं, त्याने आता फोनच्या आड लपायचं? थू!

शुक्रवारी सकाळी तो गोवंडीला गेला. चौथ्या मजल्यावरची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर नोड चौदा, उघडा करून ठेवलेला. रतन पलंगावर उशीला टेकून बसला होता. निम्मा झाला होता बिचारा.

"ये रे यादीवाल्या," तो म्हणाला. "आमच्या मॅडमनी घोळ केला बघ. तुला तीनदा त्रास."

तेजल पाण्याचा ग्लास घेऊन आली होती. ती तशीच खाली मान घालून उभी राहिली. वीस-बावीसची पोर. श्यामसुंदरने ग्लास घेतला नाही.

"रतन, मी फोन केला नव्हता."

"म्हणजे?"

"एकदाही नाही. स्वर्गातल्या ब्रॉडबँडचा राग होता मला. आणि गोवंडीला कशाला फोन करायचा, असंही वाटलं. पवईला चार केले. टीप खोटी लिहिली. काल ही सॉरी म्हणाली, तेव्हासुद्धा गप्प बसलो. लाज वाटते रे मला. खूप लाज वाटते."

शिवी येईल म्हणून श्यामसुंदर वाट बघत होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं. रतनने मान वळवली, मुलीकडे. टाके ओढत होते तरी सरळ बसला आणि तिला हात जोडले. "तेजू, चुकलो गं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. याच्या टिपेवर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही."

"पप्पा, हात खाली घ्या आधी," तेजल रडत म्हणाली.

श्यामसुंदर दोघांच्या मध्ये उभा होता आणि त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "संध्याकाळी यादी जाईल. नोड चौदा परत घालतो. मी खोटं लिहिलं, हेही टिपेत लिहितो."

"असा नाही घालायचा," रतन म्हणाला. "नियम काय आहे? फोन कर."

"आता?"

"आता. इथून."

श्यामसुंदरने नंबर लावला. दोन हातांवर टीव्हीजवळ रतनचा मोबाईल वाजला. रतनने हात पुढे केला नाही. "तू उचल," तो तेजलला म्हणाला.

तिने डोळे पुसले आणि फोन कानाला लावला. "बोला."

"तेजल," श्यामसुंदर म्हणाला. एवढ्याशा खोलीत त्याचा आवाज दोनदा ऐकू आला. "नोड चौदा चालू ठेवू, की बंद करू?"

"चालू," ती म्हणाली. ती फोनशी नाही, थेट त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "आणि काका, टिपेत हेपण लिहा. पहिल्याच रिंगला उचलला."