चार डोकी

तळ्याच्या काठावर सात मोठी माणसं, चार मुलं, दोन सतरंज्या, एक पाण्याचा कॅन आणि चपलांचे अकरा जोड होते. मामाने आल्या आल्या सगळं मोजलं. मुलं तर तो दर दोन मिनिटांनी मोजत होता.

"दादा, टेक की जरा. डोळे दुखतील," धाकटी बहीण म्हणाली.

"दुखू देत."

"राहू दे गं," तिचा नवरा पत्ते पिसत हसला. "शिंपी माणूस तो. त्याच्या नजरेतून टाका सुटत नाही, पोर काय सुटणार! तो आहे म्हणून तर आपण निवांत."

नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तळ्यावर, मामाची मुलगी बुडाली तेव्हा आठ मोठी माणसं हाकेच्या अंतरावर होती. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बघतंय. तेव्हापासून प्रत्येक सहलीत पहारा मामाचा. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तो आपणहून उभा राहायचा आणि बाकीच्यांना ते सोयीचं होतं.

तो चेहरे बघत नसे. चेहऱ्यात मन अडकतं आणि मोजणी चुकते. फक्त डोकी, डावीकडून उजवीकडे. एक, दोन, तीन. खडकावर पाठमोरं चौथं : दोन वेण्या, पिवळा झगा. चार.

त्याने पुन्हा मोजलं. चार.

"अहो, बटण कुठंय?" मामीने मागून विचारलं. बटण म्हणजे बहिणीची तीन वर्षांची मुलगी. हे नाव मामानेच ठेवलेलं.

"आहे की. चारही आहेत."

मामीने खडकाकडे पाहिलं. खडक रिकामा होता. ती चपलांसकट पाण्यात धावली. लव्हाळ्यापलीकडे पाण्यावर नुसते केस पसरले होते. ना पाणी उडालं होतं, ना हाक आली होती.

तिने बटणला काठावर आणून कुशीवर वळवलं. बटण खोकली, ओकली आणि मग मोठ्याने रडली.

"तू मोजत होतास ना रे?" बहिणीचा आवाज फाटला. मेहुणा हातात पत्ते तसेच धरून पाण्यात उभा होता.

"मोजत होतो."

"मग चौथं कोण मोजलंस?"

मामाने पुन्हा खडकाकडे पाहिलं.

"त्यांना काही विचारू नका, वन्सं," मामी म्हणाली. बटणला टॉवेलात गुंडाळता गुंडाळता तिने त्याच्याकडे न बघताच हळूच विचारलं, "पिवळा झगा?"

त्याने होकारार्थी मान हलवली. नऊ वर्षांपूर्वी लेकीसाठी तो त्यानेच शिवला होता.

"आजपासून मुलं मी मोजणार. हात लावून."

सगळे सामान आवरू लागले. मामा लव्हाळ्यापलीकडे, बटण सापडली तिथे, पाण्यात उतरला. खिशातली टेप काढून तिचं टोक त्याने तळाला टेकवलं, पाणी स्थिर होऊ दिलं आणि रेघेवर अंगठा दाबला.

एकोणीस इंच.