रेशातची टोपी

आमच्या गावात मेलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. बायका त्याच्याभोवती बसतात, मांडीवर हात आपटत शोक गातात आणि गाता गाता त्याच्याजवळ निरोप देतात. माझ्या आईला सांग, नात झाली. माझ्या नवऱ्याला सांग, गाढव विकलं, चिडू नकोस. देव, मशीद, चर्च सगळं सरकारनं बंद केलं, पण हे बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

शोक गावा तर नुरिहान मावशीनंच. ती आमची शेजारीण, नात्यातली नव्हे. तिला लिहिता-वाचता येत नसे. बंदरावरच्या बहिणीला पत्रं धाडायची असली की ती मला हाक मारी. पत्र लिहून झालं की कागद हातभर लांब धरून बघे आणि म्हणे, "झमिरा, तुझं अक्षर बघितलं की जेवल्यासारखं वाटतं गं." तिचा एकुलता भाऊ रेशात. एक्कावन्न साली त्याला देशद्रोही ठरवून गोळी घातली. बावीस वर्षांचा होता. प्रेत दिलं नाही, म्हणून त्याच्यासाठी शोकही झाला नाही. त्याची पांढरी लोकरी टोपी तेवढी मावशीच्या पेटीत होती. दर वसंतात ती धुऊन उन्हात घाली आणि कुणी विचारलं तर सांगे, "नवऱ्याची आहे."

ज्याच्या राज्यात गोळी घातली, त्याला आम्ही काका म्हणायचो. शाळेत शिकवलंच होतं तसं. पुढे मी मास्तरीण झाले तेव्हा मीही मुलांना तेच शिकवलं: काका डोंगरातून बंदूक घेऊन कसे आले, काकांनी दिवे कसे आणले, शत्रू आले तर लपायला शेताशेतांत काँक्रीटचे घुमट कसे बांधले. चाळीस वर्षं एकच माणूस. तो मरू शकतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

पंच्याऐंशीच्या एप्रिलात तो मेला. प्रेत राजधानीत होतं. आमच्या संस्कृती-भवनात टेबलावर त्याचा फोटो ठेवला, काळी फीत लावली आणि पक्षाचा चिटणीस पर्पारिम मावशीच्या दारात उभा राहिला.

"नुरिहान, गायचंय. जिल्ह्याचे लोक येणार आहेत. लोककला म्हणून."

"प्रेत नाही तर गाऊ कुणाजवळ?"

"फोटो आहे की! मोठा आहे." मग तो माझ्याकडे वळला. "आणि मास्तरीणबाई, तुम्ही शब्द उतरवून घ्यायचे. जिल्ह्याच्या पेपरात छापायचेत, तुमच्या नावानं."

माझ्या नावानं. तेवढ्यावर मी हुरळले. शहरातल्या शाळेत बदलीसाठी माझे दोन अर्ज पडून होते.

भवन गच्च भरलं होतं. जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठ्यानं रडत होता, कारण शेजारी बघत होता. पर्पारिम तर नाक ओढत असा हुंदके देत होता की त्याला स्वतःचंही ऐकू येत नसावं. मी मावशीच्या पायाशी वही घेऊन बसले. ती टेबलाजवळ बसली, डोळे मिटले, मांडीवर हात आपटला आणि सुरू झाली. काकांचे खांदे, काकांचा आवाज, सगळं रीतसर. अर्धा तास झाला असेल. आवाज चढला आणि नेहमी जिथे निरोप येतो तिथे निरोप आला:

"जा रे काका, वाटेत दाराशी माझा रेशात उभा असेल. त्याला सांग, चौतीस वर्षं झाली, बहिणीनं टोपी धुऊन ठेवली आहे."

माझ्या आजूबाजूला कुणाचीच मान वर झाली नाही. सगळे रडण्यात गुंतले होते. माझी पेन्सिल मात्र थांबली नाही.

घरी येऊन मी ते शाईनं नीट उतरवलं. माझ्या आईनं, शेगानं, ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं आणि त्या ओळीवर पिठाचं बोट ठेवलं.

"हे गाळ."

"आणि दुसऱ्या कुणी ऐकलं असलं तर? मी का गाळलं म्हणून विचारतील."

"कुणी नाही ऐकलं. गाळ म्हणते ना!"

"तू गप्प बस गं. तुला काय कळतं यातलं?"

भीती होती, खोटं नाही. पण अर्धीच होती. उरलेलं अर्धं कधी कुणाला सांगितलं नाही, ते आता सांगते. अख्ख्या शोकात तीच एक ओळ खरी होती. ती काढली की माझा कागद फिका पडत होता. मला माझा कागद आवडला होता. मी तो तसाच पर्पारिमकडे दिला.

तिसऱ्या दिवशी मावशीला न्यायला ट्रक आला. पर्पारिमचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अगं बाई, त्यानंच ज्याला... त्याच्याच हाती निरोप? काकांची थट्टा केलीस?"

मावशी गोंधळली. थट्टा तिच्या मनातही नव्हती. जिभेला सवय होती, ती जीभ बोलून गेली. "मग कुणाच्या हाती पाठवू?" ती म्हणाली. "दुसरं कोण चाललं होतं?"

मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते. बाहेर आले नाही.

हद्दपारांना ठेवायच्या दलदलीच्या गावात तिनं सहा वर्षं काढली. तिच्या घरात सहकारी शेतीची लोकर भरली. पेटी कुणी नेली, आतलं कुठे फेकलं, कुणालाच माहीत नाही. ते शब्द पेपरात छापले नाहीत आणि माझी बदलीही झाली नाही. झाली असती तर मी गेले असते, हेही खरंच.

राज्य कोसळलं आणि ती परतली. चौसष्टाची होती, ऐंशीची दिसत होती. दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाली, "कॉफी टाक गं, झमिरा. गोड कर." तेव्हापासून रोज सकाळी ती येई. रोज मी ठरवी, आज सांगायचं. रोज कप धुतला जाई. तिला ठाऊक नसेल, असं मी स्वतःला समजावत असे. तिला वाचता कुठे येतं!

बारा वर्षांनी माझी आई गेली. शोक अर्थातच मावशीनं गायला. बायका एकेक करून निरोप देत होत्या. मी आईचे पाय धरून बसले होते. मग मावशीचा आवाज चढला, तसाच, त्याच जागी:

"शेगा, माझ्या रेशातला सांग, टोपीची वाट बघू नकोस, टोपी हरवली. आणि सांग, चौकशीच्या वेळी साहेबांनी मला एक कागद दाखवला होता. मला वाचता येत नाही, पण अक्षर ओळखलं. जेवल्यासारखं वाटलं. तुझं नाव कुणीतरी लिहिलं, रेशात. शेगाच्या लेकीनं लिहिलं."

बायका हुंदके देत होत्या. कुणाला काही कळलं नव्हतं. शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. "बोल ना गं, आई चालली. तुझा निरोप दे."

मावशी गायची थांबली होती. ती माझ्याकडेच बघत होती. मी आईच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. बायकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आईला उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आज साखर नको. घरात मौत झालीय."

मी कॉफी टाकली.