गुळाच्या डब्याचं झाकण

टण्णकन् डब्याचं झाकण वाजलं आणि दुपारचं सुन्न पडलेलं घर दचकलं. मांडीवरच्या तान्ह्याला अलगद खाली ठेवून गुलाब सैपाकघरात गेली. चुलीमागं तिची सासू शरणम्मा उभी. गालात गुळाचा खडा, नजर चोरासारखी.

"आत्या! डाक्टरनं गोड बंद सांगितलंय न्हवं? पायाची जखम महिना झाला भरंना तुमची."

"वरडू नगं. भ्या वाटलं म्हणून खाल्ला."

"कशाचं भ्या?"

"त्या दिवसाचं."

तो दिवस गुलाब कशी विसरेल! दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता शरणम्मा घामानं निथळली, लटलट कापायला लागली, भलतंच बरळायला लागली. बाया हातोडे टाकून धावल्या, पण यल्लम्मा अंगात आली म्हणून! कुणी कपाळ कुंकवानं भरलं, कुणी पायावर डोकं ठेवलं. कोंडाबाईनं तर पाऊस कवा पडणार तेही विचारून घेतलं. मजुरांना खायला वाटायच्या गोड सुकडीचं घमेलं दहा पावलांवर होतं. पार शुद्ध हरपली तेव्हा कुठं मुकादमानं तिला गाडीत घालून उमरग्याला नेलं. डॉक्टरनं शिरेतून साखर दिली आणि विचारलं, "साखर उतरवायची गोळी घेतली होती ना? मग जेवल्या का नाहीत?"

आपल्या वाट्याची भाकरी शरणम्मानं नातीच्या ताटात सारली होती.

"मला समदं ऐकू येत हुतं गं," शरणम्मा म्हणाली. "कायतरी खायला द्या म्हणायचं हुतं, जीभच वळंना. आन् ह्या भवान्या पाया पडत्यात! उपाशी मरणारी देवी बघितलीस का कुठं?"

गुलाबला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरले.

"तवापास्नं गोळी गिळली की काळजात धस्स हुतं," सासू हळूच म्हणाली. "कापरं भरायच्या आधीच गूळ खाते."

डबा फळीवर उंच ठेवणारी आपणच, हे गुलाबला आठवलं. तिनं गुळाचा एक खडा सासूच्या पदराला गाठ मारून बांधला. "घाम सुटला, हात कापला, तरच सोडायची ही गाठ. आन् गोळी जेवणासंगंच."

सांगितलं खरं. पण सोसायटीच्या रेशन दुकानात आठवडाभर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, आली नव्हती. त्या सांजेला पीठ झटकून झटकून दोन भाकरी झाल्या. गुलाबचा नवरा धरून चौघांत अर्धी अर्धी.

आजीला गोळी द्यायचं काम गुलाबच्या सहा वर्षांच्या लेकीचं, सरूचं. एका हातात ताटली, दुसऱ्या तळहातावर पांढरी गोळी. दारातच ती थबकली. आत शरणम्मा पदराची गाठ चाचपत बसली होती.

"आई, भाकर अर्धीच हाय. मग आज्जीला गोळी बी अर्धीच द्यायची का?"